कंबर दुखते म्हणणाऱ्या बायका

नर्सबाई म्हटलं की लोकांना बाळंतपणाच्या गोष्टी हव्या असतात. नदीला पाणी असताना बैलगाडी घातली, आडवं आलेलं मूल सोडवलं, अशा. त्या माझ्याकडे भरपूर आहेत. निवृत्त झाल्यापासून महिला मंडळात आणि शाळांच्या कार्यक्रमांत मी त्या इतक्या वेळा सांगितल्यात, की आता त्यांतलं खरं किती आणि तिखटमीठ किती हे माझं मलाच सांगता यायचं नाही. म्हणून या दिवाळी अंकात त्या नकोत. मला लिहायचंय ते बाळंतपणं संपलेल्या बायकांविषयी. त्यांच्यासाठी आमच्या दवाखान्यात काहीच नव्हतं. औषध नव्हतं, खाट नव्हती, त्यांच्या दुखण्याला नावसुद्धा नव्हतं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यानंतर थोड्याच दिवसांत तेरच्या सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक झाली. मी सोलापूरला शिकलेली, तिशीच्या आतली, बिनलग्नाची. दवाखान्यात एक डॉक्टर, एक कंपाउंडर, मी आणि खैरूनबी नावाची आया. खैरूनबीचं मुख्य काम म्हणजे बायकांच्या खोलीचा पडदा सांभाळणं. आत बाई असताना बाहेर कुणी पुरुष घुटमळला की ती पडद्यातून नुसतं डोकं बाहेर काढायची. तेवढ्यानं माणूस पांगायचा.

पंचेचाळिशीच्या पुढची बाई आली की तक्रार ठरलेली. "कंबर दुखती." डॉक्टर मालिश करायचं तेल द्यायचे, ताकदीची बाटली द्यायचे. बाई घेऊन जायची आणि पंधरवड्यानं पुन्हा यायची. कंबर तीच. मला पहिल्यांदा वाटलं, शेतातल्या कामानं दुखत असेल. बऱ्याच जणींची तशी दुखायचीही. पण काही बायका कंबर म्हणताना कंबरेला हात लावत नसत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीकडं बघत बसत. डॉक्टर उठून गेले की हळूच म्हणत, "शिष्टर, आजून येक हाय..." आणि तिथंच थांबत.

एक धनगराची बाई मात्र थांबली नाही. उंच, काटक, आवाज मोठा. खोलीत आली आणि उभ्यानंच म्हणाली, "तुमी माज्या मालकाला सांगा, की डाक्टरनं बंदी केलीया."

"कशाची बंदी?"

"जवळ यायची."

"किती दिवसांची सांगू?"

"मरस्तोवर," ती म्हणाली आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसायला लागली. पडद्याबाहेर खैरूनबी हसली. मीही हसले. मग बाई खाली बसली आणि रडली.

उलट्या बाजूचीही माणसं यायची. तुळजापुरात यात्रेकरूंना खोल्या देणारा एक गृहस्थ मुद्दाम मोटारीनं तेरला आला होता, कारण तिथं कुणी ओळखीचं भेटायला नको. म्हणाला, बायको पहिल्यासारखी राहिली नाही, तिला काहीतरी जोरदार इंजेक्शन द्या. मी विचारलं, "तुम्ही तिला विचारलंत का, काय होतंय म्हणून?" तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसं काही मी त्याला बैलाला विचारून नांगर धरायला सांगितलं होतं.

आमच्या शिक्षणात हा विषय नव्हताच म्हटलं तरी चालेल. मेट्रनबाईंनी एका तासात उरकला होता. पाळी जाते, अंगाला दरदरून घाम सुटतो, चिडचिड होते, पुढं आपोआप शांत होतं. त्या तासात नवऱ्याचा उल्लेख कुठं आला नाही. पुढचं मी बायकांकडूनच शिकले. पाळी गेली की आतली कातडी पातळ होते, कोरडी पडते, मग जवळ येणं दुखायला लागतं. जे दुखतं त्याची ओढ कशी राहणार? त्यात झोप धड नाही, अंगातून वाफा निघतात, दिवसभर रान आणि चूल आहेच. काही जणींचं दुखत नसे, नुसतं मन उडालेलं असे. त्यांना त्याची खंत नसली तर मी कधी त्यांना आजारी म्हटलं नाही. खंत असायची ती तिसऱ्या तऱ्हेच्या बायकांना. त्यांना माणूस हवा होता, पण अंग साथ देत नव्हतं. पूर्वी वाटायचं तसं पुन्हा वाटावं, एवढंच त्यांचं मागणं, आणि ते मागायचं कुणाकडं हे ठाऊक नव्हतं.

मी डॉक्टरांना एकदा धीर करून विचारलं. भले माणूस होते. कानापर्यंत लाल झाले, पण उत्तर दिलं. म्हणाले, मोठ्या शहरांत यावर गोळ्या आणि इंजेक्शनं देतात असं वाचलंय, आपल्याकडं मिळत नाहीत, आणि त्यांनी पुढं काय अपाय होतो हे मला माहीत नाही, तेव्हा मी ती आणा म्हणून सांगणार नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं. मग माझ्याजवळ राहिलं काय? आत लावायला स्वच्छ खोबरेल. घाई करू नका, दुखलं तर थांबा, हे सांगणं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही घरी बसू नका, हे दटावून सांगणं. आणि शेवटी, नवऱ्याशी बोला. खोबरेल सगळ्या न्यायच्या. बोलायचं मात्र कुणी मनावर घ्यायचं नाही.

अनुसयाबाई त्या तिसऱ्या तऱ्हेतली.

तिचा नवरा ग्यानबा निजामाच्या काळापासून सरकारी मोटारीवर ड्रायव्हर होता. राज्य बदललं, मोटारीचा रंग बदलला, ग्यानबा स्टिअरिंगवर तसाच. जन्मभर त्याच्याकडं मुक्कामाची गाडी होती. संध्याकाळी धाराशिवहून निघायची, तेरला पाच मिनिटं थांबायची, पुढं नदीपलीकडच्या एका खेड्यात जाऊन मुक्काम करायची आणि सकाळी परत यायची. म्हणजे हा रोज स्वतःच्या गावावरून जायचा आणि घरी मात्र सुट्टीलाच. अनुसया थांब्यावर डबा घेऊन उभी असे. खिडकीतून डबा वर जायचा, कालचा रिकामा डबा खाली यायचा. दोन मुली आणि एक मुलगा त्यांनी त्या खिडकीतूनच वाढवले म्हणा ना. मुली नांदायला गेल्या, मुलगा सोलापूरला गिरणीत लागला. तेव्हा ग्यानबानं साहेबांना विनवून दिवसाची ड्यूटी घेतली.

"आता घरी ऱ्हातो," त्यानं सगळ्यांना सांगितलं. आणि सोलापूरहून लोखंडी पलंग विकत आणला. तो आणला मोटारीच्या टपावर घालून. भर बाजाराच्या दिवशी तेरच्या थांब्यावर दोरखंड सोडून चार जणांनी पलंग खाली उतरवला. अख्ख्या गावानं बघितलं. पोरं हसली, म्हाताऱ्या हसल्या. ग्यानबाला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट त्यानं सगळ्यांना स्प्रिंगा दाबून दाखवल्या. घरात अनुसयानं दार लावून घेतलं.

आणि मग तिनं वार धरायला सुरुवात केली. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे होतेच. सोमवार महादेवाचा धरला, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा, गुरुवार दत्ताचा. कडक उपास. उपासाच्या दिवशी ती खाली चटई टाकून निजायची. उरला बुधवार. बुधवारी तिची कंबर दुखायची.

ही कंबर घेऊन ती माझ्याकडं आली. पन्नाशीला टेकलेली, नितळ सावळी, बोलणं फार हळू. मी डॉक्टरांना बोलावलंच नाही. पडदा ओढला, तपासलं आणि म्हटलं, "अनुसयाबाई, कंबर ठीक आहे तुमची."

ती खाली मान घालून बसली. मग म्हणाली, "शिष्टर, येक औषध मागायचं हुतं. मला न्हाय. त्येंला."

"ग्यानबांना? काय होतंय?"

"त्येंला काय बी हुईना. तेच तर. त्येंचं मन कमी व्हायचं कायतरी द्या. भाकरीत घालता आलं तर बरं."

मी सांगितलं की असं औषध नसतं, आणि असतं तरी दिलं नसतं. मग ती बोलायला लागली. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. तोवर सगळं ठीक होतं. "सुट्टीला यायचे तवा म्या दोन दिस आदीपास्नं वाट बगायची. खोटं कशाला सांगू. आता चिरल्यावानी हुतं. आन् मनच हुईना. त्ये वाईट न्हायत हो शिष्टर. येक शब्द बोलत न्हायत. नुसतं पलंगावर बसून ऱ्हातात. जल्मभर म्हनत हुते, घरी यीन, घरी यीन. आता आले, तर माजंच अंग असं झालं."

"हे त्यांना सांगितलंत का?"

"कसं सांगू? त्येंच्या जिवाला लागंल."

मी तिला सगळं समजावलं. हे फक्त तुम्हाला झालेलं नाही, हा देवीचा कोप नाही, तुमची माया आटलेली नाही. खोबरेल कसं, कधी लावायचं ते सांगितलं. काही आठवडे जवळ जायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं, पाय चेपून घ्यायचे, बोलायचं. आणि म्हटलं, मी ग्यानबांशी बोलू का? ती दचकलीच. माझा हात धरून म्हणाली, "माजं नाव घिऊन येक शब्द बोलायचा न्हाय. शपथ घ्या." मी शपथ घेतली. आमच्या कामात शपथेला फार किंमत होती. एकदा बाईचा विश्वास उडाला की त्या वस्तीतली एकही बाई पुन्हा पडद्याआड येत नसे.

त्यानंतर महिनाभरात मी धाराशिवला कामाला निघाले होते. गाडी ग्यानबाची. नर्सबाईला पुढची, इंजिनाशेजारची जागा मिळे. पाय भाजायचे, पण मान होता. गाव मागं पडल्यावर रस्त्यावरची नजर न काढता ग्यानबा म्हणाला, "शिष्टर, येक इचारू का? राग मानू नका."

"विचारा की."

"बाईमानसाला उतारवयात मानूस नकोसा हुतो का हो?"

इंजिनाचा आवाज एवढा मोठा होता की मागं कुणाला काही ऐकू जात नव्हतं. मी शपथेत बांधलेली. कुणाचंही नाव न घेता, सगळ्याच बायकांबद्दल बोलल्यासारखं मी सांगायला लागले. पाळी गेल्यावर अंगात बदल होतात, काही जणींना कोरडेपणा येतो, मग दुखतं—

"दुखतं?" त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला. गाडीला हिसका बसला, मागून कुणीतरी ओरडलं.

"दुखतं, पण त्याला उपाय आहे," मी घाईनं म्हणाले. "तेल लावलं, सबुरीनं घेतलं, दोघांनी बोलून घेतलं तर पुष्कळ फरक पडतो. माया कमी झालेली नसते, ग्यानबा."

त्यानं मान हलवली.  धाराशिवला मी उतरताना म्हणाला, "म्या इचारलं हे तिला सांगू नका." मी त्यालाही शब्द दिला. पाच-सात वाक्यं मी बोलले असेन. त्यातला एकच शब्द त्याच्या कानात राहिला, हे मला कळायला पुढं काही वर्षं लागली.

पुढच्याच आठवड्यात माझी परंड्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी अनुसया शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. चेहरा उजळलेला. पडदा ओढायचीही वाट न बघता म्हणाली, "बुधवार सोडला. आन् गुरुवार बी."

"आणि दुखणं?"

"आता पैल्यावानी कोरडं वाटत न्हाय. मनाला बी बरं वाटायलंय." मग लाजून म्हणाली, "त्येंला आजून काय कळू दिलं न्हाय. लेक आलीया म्हायेराला. ती गेली की बगू."

मी परंड्याला गेले ती हा एक गुंता सुटला असं समजून. नोकरीत आम्हाला फारच थोड्या गोष्टींचा शेवट बघायला मिळायचा. म्हणून जिथं शक्य तिथं आम्ही तो मनानंच चांगला करून घ्यायचो.

चार-पाच वर्षांनी मी पुन्हा तेरला आले ती कुटुंबनियोजनाच्या कँपसाठी. शाळेत खाटा मांडल्या होत्या. तोवर सरकारला बायकांच्या पोटात फार गोडी वाटायला लागली होती, पण ती मूल होण्याच्या वयापुरतीच. दुपारी काम उरकत आलं तेव्हा व्हरांड्यात एक वाळलेली बाई उभी दिसली. मी ओळखलंच नाही.

"शिष्टर, म्या अनुसया."

मी तिला वर्गात नेलं, लहान पोरांच्या बाकावर बसवलं. कशा आहात, ग्यानबा कसे आहेत, विचारलं.

"त्ये मुक्कामाच्या गाडीवर हायत."

"परत? दिवसाची ड्यूटी होती ना?"

"तुमी गेला आन् त्येंनी सोताच मागून घेतली. लेक सासरी गेली त्याच दिशी. म्हनले, दिसाच्या गाडीला लई गर्दी, मला झेपंना." ती बाकावरच्या शाईच्या डागावर बोट फिरवत होती. "म्या म्हनलं, बरोबरच हाय. किती दिस वाट बगायची मानसानं? त्येंचं मन उडालं माज्यावरनं. मग म्या परत सगळे वार धरले. बुधवार बी."

 मोटारीतला तो हिसका आठवला. मी दोघांनाही शब्द दिला होता आणि दोन्ही शब्द पाळले होते, आणि त्या दोन शब्दांच्या मधे ही बाई वाळून गेली होती. मी म्हटलं, "अनुसयाबाई, मी शब्द मोडते आहे. ग्यानबांनी मला विचारलं होतं." आणि मग इंजिनाशेजारी झालेलं सगळं बोलणं तिला सांगितलं. तुमचं नाव मी घेतलं नव्हतं. दुखतं एवढंच त्यांनी ऐकलं. तुम्ही त्यांना नकोशा झालात म्हणून नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून त्यांनी मुक्कामाची गाडी घेतली असणार.

तिचं बोट डागावरून उचललं गेलं. मग फार बारीक आवाजात म्हणाली, "रोज खिडकीतनं इचारतात. जेवलीस का. झोप लागती का. म्या म्हनायची, लागती."

तेवढं बोलून ती उठली आणि तरातरा घराकडं गेली. मला वाटलं, दुखावून गेली.

संध्याकाळी कँपचं सामान गाडीत चढवायला मी थांब्यावर होते. ऊन अजून होतं. मुक्कामाची मोटार आली. अनुसया नेहमीच्या जागी उभी, हातात डबा. ग्यानबानं खिडकीतून हात खाली केला. केस पार पिकले होते त्याचे. अनुसयानं डबा वर दिलाच नाही. ती मागं गेली आणि दारातून आत चढली.

"कुठं, काकू?" कंडक्टरनं विचारलं.

ग्यानबा सीटवरून वळला. "काय गं? कुनी गेलं का?"

"कुनी गेलं न्हाय," ती माणसांतून वाट काढत पुढं येत म्हणाली. "मुक्कामाला यायलेय."

गाडीतले दोघं-तिघं हसले. ती हसली नाही, पदरही ओढून घेतला नाही. इंजिनाशेजारच्या जागेवर बसली आणि डबा मांडीवर ठेवला. ग्यानबानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि गाडी चालू केली.

हे मी इथंच थांबवलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण झालं ते सांगायला हवं. ग्यानबाला तोवर साखरेचा आजार लागला होता. अनुसयाचं अंग आणि मन तयार झालं तेव्हा तो घरी नव्हता, आणि तो घरी आला तेव्हा त्याचंच अंग थकलं होतं. पुढं तो निवृत्त झाला, दोघं एका घरात राहिले, एका पलंगावर निजले. पण फार काळ नाही. पायाला जखम झाली, ती भरली नाही, आणि त्यातच तो गेला.

ते मला अनुसयानंच सांगितलं, तुळजापुरात. मी तेव्हा तिथल्या दवाखान्यात होते, आणि माझीही पाळी त्याच सुमारास गेली होती. पौर्णिमेची गर्दी, ती देवीला आलेली. आम्ही देवळाच्या रस्त्यावर एका दुकानाच्या पायरीवर बसलो. मी म्हटलं, मला राहून राहून वाटतं, मी तेरला होते तेव्हाच तुम्हा दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवायला हवं होतं.

"आमी आलो नसतो," ती म्हणाली. "त्या टायमाला कोन आलं असतं?" मग म्हणाली, "म्या गाडीत चढले त्या दिशी त्या खेड्यात मोटारीच्या मागच्या शिटावर बसून आमी जेवलो. आन् बोललो. जल्मात बोललो न्हाय तेवढं बोललो. त्ये म्हनले, तुला दुखायलं ते मला का न्हाय सांगितलं? म्या म्हनलं, तुमी मला का न्हाय इचारलं? पैल्यांदा भांडलो आमी, शिष्टर. पैल्यांदाच." ती रस्त्यावरच्या माणसांकडं बघत राहिली. "लई जपलं आमी येकमेकाला. जरा आदी भांडलो असतो तर बरं झालं असतं."

 तिनं पिशवीतून देवीचा प्रसाद काढून माझ्या हातावर ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सोलापूरच्या गाडीसाठी रांगेत जाऊन उभी राहिली. मुलाकडं निघाली होती.